जे डोळ्याला दिसत नाही ते अंपायरने कसं द्यायचं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे अमेरिकेतल्या एका पालकांचं पत्र आलं होतं, मुलींच्या हायस्कूल सॉफ्टबॉलबद्दल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की 2025 च्या सीझनपासून पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्या मुलीला, मागचा पाय जमिनीवरून उचलायची परवानगी दिली म्हणजे इतकी वर्षं जे चोरून करत होते त्यांचंच फावलं, आणि अंपायर तर काय झोपलेलेच असतात. वाचून राहवेना. माझी मुलगीही पिचर आहे, आम्ही न्यू जर्सीत राहतो, आणि टीमचं स्कोअरबुक माझ्याकडे असल्यामुळे मी कायम जाळीच्या मागे, प्लेट अंपायरच्या, म्हणजे बॅटरच्या मागे उभा असतो त्या अंपायरच्या, पाठीशी बसलेली असते, तर तिथून काय दिसतं आणि काय दिसत नाही हे जरा सांगते.

तिकडच्या वाचकांसाठी आधी थोडं. फास्टपिच म्हणजे हात खालून, पवनचक्कीसारखा पूर्ण फिरवून टाकलेला बॉल. हायस्कूलमध्ये पिचर आणि प्लेट (बॅटर जिच्या बाजूला उभी राहते ती पाटी) यांच्यातलं अंतर 43 फूट, आधी ते 40 होतं, 2011 च्या सुमारास वाढवलं. ताशी 60 मैलांनी येणारा बॉल सेकंदाला 88 फूट कापतो, त्यात पिचर पुढे झेपावून सोडते म्हणजे बॅटरला अर्धा सेकंदसुद्धा मिळत नाही. अंपायरलाही तेवढाच मिळतो हे मात्र कोणी लक्षात घेत नाही.

आता जुना नियम बघा. बॉल हातातून सुटेपर्यंत पिचरच्या मागच्या पायाचा, म्हणजे पिव्हट फूटचा, जमिनीशी संपर्क हवा, घासत आला तरी चालेल पण उचलायचा नाही. उचलला तर इललीगल पिच. कागदावर एकदम सोपं वाटतं. पण बघणार कोण? प्लेट अंपायर स्ट्राइक झोन, म्हणजे बॉल बॅटरच्या टप्प्यातून गेला की नाही ते, बघणार, त्याने पायाकडे बघितलं तर बॉल गेलाच. उरला बेस अंपायर (बेस म्हणजे रन काढताना एकेक करून गाठायचे टप्पे), तो बेसवर रनर नसताना पहिल्या बेसच्या पलीकडे फाउल लाइनजवळ उभा आणि रनर असेल तर इनफिल्डरच्या मागे, तिथून त्याने धुळीत घासणारा बूट जमिनीपासून एक इंच वर आहे की टेकलेला आहे हे ठरवायचं, तेही रनरवर एक डोळा ठेवून! आणि हे दोन अंपायर असतील तर हं, लहान मुलींच्या मॅचला बऱ्याचदा एकच असतो.

मग व्हायचं काय, एक अंपायर आख्ख्या मॅचमध्ये एकदाही इललीगल पिच द्यायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी दुसरा त्याच मुलीला पहिल्याच इनिंगमध्ये तीनदा द्यायचा. मुलीचा पाय तोच, सवय तीच. मुलगी रडकुंडीला, कोच डगआउटमधून बाहेर, आणि समोरच्या टीमचे पालक फोनवर व्हिडिओ स्लो करून एकमेकांना दाखवतायत. स्लो करून बघितल्याशिवाय जे कळतच नाही ते अंपायरने उघड्या डोळ्यांनी द्यावं ही अपेक्षाच चुकीची होती.

म्हणून एनएफएचएस या राष्ट्रीय संघटनेने, जिच्या नियमांवर बहुतेक राज्यांत शाळांच्या मॅचेस चालतात, नियम बदलला ते मला पटलं. कॉलेजच्या खेळांची संघटना एनसीएए, तिने एक वर्ष आधीच केलं होतं आणि पुरुषांच्या फास्टपिचमध्ये तर लीप, म्हणजे दोन्ही पाय हवेत, कधीपासून चालतो. आणि कृपा करून लक्षात घ्या, सगळं मोकळं सोडलेलं नाही. पाय उचलून परत टेकवायचा आणि तिथून दुसऱ्यांदा जोर घ्यायचा, ज्याला क्रो हॉप म्हणतात, ते आजही इललीगलच आहे. पिचर जिच्यावरून सुरुवात करते त्या 24 इंचाच्या पट्टीच्या रुंदीतच पुढचा पाय पडायला हवा हेही तसंच आहे. म्हणजे ज्या गोष्टीने खरंच फायदा होतो, बॅटरच्या जवळ जाऊन बॉल सुटतो, ती बंद आहे आणि ती लांबूनही दिसते, कारण मुलगी चक्क दोनदा उडी मारल्यासारखी दिसते. यात चोरांचं फावलं कुठे? ज्या मुलींची ढब लहानपणापासून तशी बसलेली होती त्यांना उगाच गुन्हेगार ठरवणं थांबलं एवढंच. आता उरलेला क्रो हॉप तरी अंपायरनी नीट बघून द्यावा, ही तक्रार मात्र माझीही आहे, काही जण नियम बदलला म्हणून पायाकडे बघायचंच सोडून देतात.

माझं म्हणणं पुढचं आहे. हीच नजर बाकीच्या नियमांनाही लावा ना. सॉफ्टबॉलमध्ये रनरला क्रिकेटच्या नॉन स्ट्रायकरसारखं आधीच पुढे सरकता येत नाही, बॉल पिचरच्या हातातून सुटेपर्यंत पाय बेसवर हवा, आधी निघाली तर डायरेक्ट आऊट. नियम योग्यच आहे, 60 फुटांवर बेस असताना आधी निघू दिलं तर कॅचरला (ती बॅटरमागे असते, विकेटकीपरसारखी) काही संधीच उरणार नाही. पण एकट्या अंपायरने पिचरचा हात आणि रनरचा पाय एकाच क्षणी, मैदानाच्या दोन टोकांना, कसे बघायचे? तिसऱ्या बेसवरची मुलगी एक पाऊल आधी निघते, होमला, म्हणजे प्लेटवर, थोडक्यात सेफ होते आणि मग जे काही आरडाओरडा सुरू होतो ना! इथे नियम बदलायची गरज नाही, दुसरा माणूस उभा करायची गरज आहे. ट्रॉफ्यांवर, टीशर्टांवर खर्च करणाऱ्या लीगला दुसरा अंपायर परवडत नाही हे मला कधी पटलेलं नाही.

ऑब्स्ट्रक्शनचं, म्हणजे रनरची वाट अडवण्याचं, वेगळं दुखणं आहे. तिथे अंपायरला बरोबर दिसतं आणि लोकांना कळत नाही. कॅचर हातात बॉल नसताना प्लेटची वाट अडवून उभी राहिली तर अंपायर डावा हात आडवा धरतो, खेळ चालूच राहतो आणि प्ले संपल्यावर तो रनरला बेस देतो. लोकांना दिसतं काय, तर मुलीला टॅग झाला, म्हणजे बॉल लावला गेला, आऊट झाली आणि अंपायरने रन दिली. लगेच शिव्या. तो हात काय सांगतो हे स्टँडमधल्या किती जणांना माहीत असेल? मी आमच्याच बाजूच्या बाकावर विचारून बघितलंय, दोघींना माहीत होतं आणि त्यातली एक स्वतः कॉलेजात कॅचर होती.

भरीस भर म्हणजे एकच मुलगी वसंतात शाळेकडून एका नियमपुस्तकाने खेळते आणि उन्हाळ्यात शाळेबाहेरच्या ट्रॅव्हल टीमकडून दुसऱ्या. यूएसए सॉफ्टबॉल या संघटनेचे नियम वेगळे, यूट्रिपलएसए या दुसरीचे वेगळे. शाळेत सात इनिंग, ट्रॅव्हलच्या टूर्नामेंटला घड्याळ लावलेलं. धाकटी बहीण 10 वर्षांखाली खेळत असेल तर तिचं अंतर 35 फूट आणि बॉल 11 इंच घेराचा, मोठीचा 12 इंचांचा. अंपायरही तेच, आज शाळेत उद्या टूर्नामेंटला, त्यांनी डोक्यात किती पुस्तकं ठेवायची? सगळं एक करणं अवघड आहे मान्य, पण पिचिंग आणि ऑब्स्ट्रक्शन एवढे दोन विषय तरी सगळ्यांनी बसून एकसारखे लिहावेत, कारण निम्मी भांडणं तिथलीच असतात.

आणि "झोपलेले अंपायर" म्हणणाऱ्यांना एक विचारते, त्यांच्या जागी उभं राहायला माणूस येतो कुठून? एनएफएचएसनेच सांगितलंय की 2018-19 नंतरच्या तीनेक वर्षांत सगळे खेळ मिळून सुमारे 50,000 जणांनी हायस्कूलचं हे काम सोडलं. कोविड होताच, पण 2017 मध्ये 17,000 च्या वर अंपायर-रेफरींना विचारलं होतं तेव्हाही सगळ्यात जास्त त्रास पालकांचा असंच उत्तर आलं होतं. एप्रिल 2022 मध्ये मिसिसिपीत लॉरेल इथे बारा वर्षांच्या मुलींच्या मॅचनंतर एका बाई अंपायरला तोंडावर ठोसा मारला गेला, मारणारी प्रेक्षकांतली बाई, अंगात "मदर ऑफ द इयर" लिहिलेला टीशर्ट. यावर काय बोलणार.

त्याच्या पुढच्या वर्षी, 2023 मध्ये, आमच्याच राज्यात डेप्टफर्डच्या लिटल लीगने (लहान मुलांच्या लीगने) फर्मान काढलं की जो अंपायरवर ओरडेल त्याला तीन मॅचेस स्वतः अंपायरिंग केल्याशिवाय मैदानात पाय ठेवता येणार नाही. पेपरवाल्यांनी ती गंमत म्हणून छापली पण मला ती शिक्षा म्हणून फारशी आवडली नाही, रागावलेल्या माणसाला मुलींच्या मॅचवर अंपायर म्हणून उभं करायचं म्हणजे मुलींनाच शिक्षा. त्यापेक्षा सीझन सुरू व्हायच्या आधी कोच आणि अंपायरची जी नियमांची मीटिंग होते ना, त्यातला अर्धा तास पालकांसाठी ठेवा. यंदा काय बदललं, हात आडवा म्हणजे काय, पिचर आपल्या सर्कलमध्ये बॉल घेऊन उभी राहिली की बेस सोडलेल्या रनरने मध्येच का थांबून राहायचं नाही, एवढं जरी दाखवलं तरी खूप झालं. अगदी मैदानात उभं राहून दाखवा, स्लाइड नकोत.

त्या पत्रलेखकांना नियम खरंच चुकीचा वाटत असेल तर रस्ता आहे. नियमांची समिती दरवर्षी जूनमध्ये इंडियानापोलिसला बसते, सूचना राज्याच्या असोसिएशनमार्फत जातात, शाळेच्या कोचला किंवा अॅथलेटिक डायरेक्टरला गाठून पाठवा. मी बेस सोडण्याच्या नियमाबद्दल, म्हणजे दुसऱ्या अंपायरबद्दल, लिहून दिलंय, बघू काय होतं ते.

आपली,
एक वाचक आणि पिचरची आई, न्यू जर्सी