न विचारलेल्या प्रश्नाबद्दल

आदरणीय बाई,

स. न. वि. वि.

2025 च्या मार्चमध्ये मुलीचे नाव सातवीत घालण्यासाठी मी न्यू जर्सीतल्या आपल्या शाळेच्या कार्यालयात आले होते. त्या दिवशी आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र. ते मराठीत लिहिते आहे, कारण इथल्या मराठी आईवडिलांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे; आपल्याला मात्र माझी मुलगी ते इंग्रजीत वाचून दाखवणार आहे.

माझ्या यजमानांची नोकरी फेब्रुवारीत गेली होती. एच-वन-बी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीसाठीच्या, व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की त्याला जास्तीत जास्त 60 दिवसांची मुदत मिळते, आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायकामुलांचे इथले राहणेही त्याच मुदतीला बांधलेले असते. भाडे झेपेना म्हणून आम्ही दुसऱ्या गावात लहान घर घेतले आणि वर्षाच्या मध्येच मुलीची शाळा बदलावी लागली. त्याच वर्षी जानेवारीत, शाळा, दवाखाने आणि प्रार्थनास्थळांच्या ठिकाणी इमिग्रेशनच्या कारवाया शक्यतो टाळण्याचे अनेक वर्षांचे सरकारी धोरण रद्द झाले होते. मी आपल्यासमोर बसले ती अशा मनःस्थितीत.

फाईलमध्ये सगळ्यांत वर मी चौघांचे पासपोर्ट आणि व्हिसाचे कागद ठेवले होते, कारण पहिला प्रश्न त्यांचाच येणार असे मी धरून चालले होते. आपण तो गठ्ठा न उघडता माझ्याकडे परत सरकवलात आणि हे आम्ही पाहत नाही, असे शांतपणे सांगितलेत. त्यानंतर आपण पाहिलेत ते घराचा भाडेकरार, विजेचे बिल, लसीकरणाची नोंद आणि नाशिक महानगरपालिकेचा जन्मदाखला. दाखला परदेशी आहे म्हणून आपण एकही शंका काढली नाहीत, आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाची (सरकारी ओळख क्रमांकाची) जागा रिकामी ठेवली तरी चालते हेही मी विचारण्याआधीच सांगितलेत.

हा केवळ आपला चांगुलपणा नव्हता, हे मला नंतर वाचताना कळले. टेक्सास राज्याने 1975 साली कायदा करून, देशात राहण्याची कायदेशीर कागदपत्रे नसलेल्या मुलांच्या शिक्षणासाठीचा सरकारी पैसा थांबवला आणि 1977 साली टायलर शहरातल्या शाळांनी अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला 1,000 डॉलर मागायला सुरुवात केली, तेव्हा काही मेक्सिकन कुटुंबे आपण पकडले जाऊ ही भीती मनात असूनही न्यायालयात गेली. 15 जून 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. एका मताचे ते अंतर आठवले की आजही माझ्या पोटात गोळा येतो. पण निकाल कितीही मोठा असला तरी तो पालकांपर्यंत पोचतो तो नोंदणीच्या टेबलावरूनच, आणि तिथे बसलेल्या व्यक्तीने एक अनावश्यक प्रश्न विचारला तर घाबरलेली आई मुलाचा हात धरून परत फिरते.

आपण मला आणखी एक अर्ज दिलात, ज्याचे महत्त्व मला तेव्हा उमगले नव्हते. 1974 च्या केंद्रीय कायद्यानुसार विद्यार्थ्याच्या नोंदी, काही अपवाद वगळता, पालकांच्या लेखी संमतीशिवाय बाहेर देता येत नाहीत. तरीही नाव, पत्ता, फोन, अगदी जन्मस्थळसुद्धा ‘डिरेक्टरी’ माहिती म्हणून शाळा देऊ शकते, जोवर पालक लेखी नकार कळवत नाहीत. तो नकार मी आपल्यासमोरच सही करून दिला. आणीबाणीच्या कार्डावर आम्हा दोघांखेरीज मुलीला घरी नेऊ शकतील अशा आणखी दोघांची नावे आपण लिहून घेतलीत. कोणी अधिकारी दाराशी आला तर न्यायाधीशाची सही असलेले वॉरंट आहे का ते आधी पाहिले जाते आणि वरिष्ठांना व वकिलांना कळवल्याशिवाय त्याला आत सोडले जात नाही, हेही आपण सांगितलेत. मुलगी शेजारीच बसून सारे ऐकत होती. त्या रात्री ती बऱ्याच दिवसांनी तिच्या खोलीत एकटी झोपली.

माझ्यानंतर एका लहान मुलाला घेऊन एक स्पॅनिश बोलणारी बाई बसली. तिच्या हातात एक पातळ पाकीट होते. आपण फोनवर दुभाष्याला जोडून घेतलेत आणि मला विचारलेले तेच प्रश्न, त्याच क्रमाने, तितक्याच सावकाश तिलाही विचारलेत. आम्ही व्हिसा घेऊन आलेली माणसे आहोत, आमची गोष्ट निराळी, असे त्या दिवसापर्यंत मी मानत आले होते. त्या टेबलावर माझी आणि तिची गोष्ट आपण एकाच मापाने मोजलीत, याबद्दल मी आपली सर्वाधिक ऋणी आहे.

यजमानांना मुदत संपण्याच्या आत नोकरी मिळाली. येत्या सप्टेंबरात धाकट्याचे नाव बालवर्गात घालायला आम्ही पुन्हा येऊ, तेव्हा फाईलमध्ये चारच कागद असतील.

आपली कृतज्ञ,
एका विद्यार्थिनीची आई