त्या खोक्यासाठी आभार, डॉक्टर मॅडम

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार. आज हर्णैच्या बंदरावर बाबा लिलावात उभे होते, कुणाचा हात न धरता. ते बघून मी घरी आले आणि आधी हे पत्र लिहायला घेतलं.

तुमच्याकडे आणलं तेव्हा त्यांच्या पायाच्या अंगठ्याला चादरीचा स्पर्शही सोसत नव्हता. त्याआधी एकाने मुका मार म्हणून लेप दिला. दुसऱ्याने पू झालाय म्हणून अँटिबायोटिक चारलं. तिसऱ्याने तर रिपोर्टमध्ये युरिक अ‍ॅसिड नॉर्मल बघून, "वय झालं, दुखायचंच" म्हणत आम्हाला वाटेला लावलं. उभ्या पावसात बोट हाकणारा तांडेल लहान पोरासारखा रडतोय, याचं कुणाला काही वाटलं नाही. अजून राग जात नाही माझा.

तुम्ही अंगठ्याला हातच लावला नाहीत. सलाइनचं रिकामं खोकं मागवलंत, त्याची एक बाजू कापलीत, ते पायावर उपडं घातलंत आणि चादर त्याच्यावरून ओढलीत. "काका, आता झोपा. बाकीचं सकाळी बघू." औषध तर दिलंतच, पण बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला अजून त्या खोक्याचंच सांगतात. शिकलेली माणसं खूप भेटली हो, दुखणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघणारी फार थोडी.

सांध्यातल्या पाण्यात सुईसारखे स्फटिक निघाले आणि गाउट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात साठून होणारा संधिवात, पक्का झाला. ऐन ठणक्यात रक्तातलं युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं, हे तुम्ही आईलाही कळेल असं सांगितलंत. तिने धास्तीने बंद केलेली डाळ आणि पालक पुन्हा ताटात आले. कोळ्याच्या घरात मासे बंद करा म्हणाला असतात तर बाबांनी ऐकलंच नसतं. तुम्ही तारली, बांगडा, कोळंबी बेताने खायला सांगितलीत. बिअर मात्र बंद.

अ‍ॅलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक अ‍ॅसिड उतरवणारी गोळी, सुरू केल्यावर पहिले काही महिने ठणका पुन्हा उठू शकतो, तेव्हा गोळी सोडू नका, असं तुम्ही आधीच बजावलं होतंत. तो उठलाच. बाबांनी गोळी सोडली नाही. युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली हवं म्हणाला होतात ना? परवाच्या रिपोर्टात ५.४ आलंय.

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे जेवायला या. आई नारळीभात करणार आहे, आणि बाबांना तुम्हाला बोट दाखवायची आहे.

तुमची,
तांडेलाची लेक