कारखान्याचे पैसे घेतले, दुकान दाखवले

सिन्नर, जि. नाशिक
दिनांक : 24 फेब्रुवारी 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
सहल कंपनीचे मुख्य कार्यालय, पुणे

विषय : जानेवारी 2025 च्या क्युबा सहलीत हवानाचा सिगार कारखाना न दाखवल्याबद्दल व बनावट सिगार घ्यायला लावल्याबद्दल तक्रार.

संदर्भ : माझा दि. 20 जानेवारीचा ई-मेल व आपले दि. 3 फेब्रुवारीचे उत्तर.

महोदय,

आपल्या 3 तारखेच्या उत्तरात दोनच ओळी आहेत. 'स्थानिक परिस्थितीमुळे कार्यक्रमात बदल करावा लागला. प्रवाशांना पर्यायी अनुभव देण्यात आला.' या दोन ओळींनी माझे समाधान झालेले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. कृपया पूर्ण वाचावे.

मी आणि माझे यजमान आपल्या सहलीतले प्रवासी क्र. 7 आणि 8. सहलीच्या मूळ रकमेखेरीज आम्ही माणशी 9,500 रुपये, म्हणजे दोघांचे 19,000 रुपये, एका जादा कार्यक्रमासाठी भरले. आपल्या माहितीपत्रकातले शब्द असे आहेत : 'हवानातील ऐतिहासिक सिगार कारखान्याला भेट. शेकडो कारागीर हाताने सिगार वळताना पाहा. त्यांच्यासाठी रोज होणारे वाचन ऐका.' पानाचा फोटो सोबत जोडला आहे. या तीन वाक्यांतले एकही खरे झाले नाही.

आम्ही हवानाला शुक्रवारी, 10 जानेवारीला रात्री उतरलो. शनिवारी शहर, रविवारी विन्यालेस (तंबाखूच्या वाड्यांचा ग्रामीण भाग), सोमवारी सकाळी परतीचे विमान. हा कार्यक्रम आपण ऑगस्टमध्येच छापून दिला होता. कारखाना शनिवारी होता. शनिवारी सकाळी टूर मॅनेजर म्हणाले की काही अडचण आहे, दुसरीकडे नेतो. संध्याकाळी मी आमच्या हॉटेलातल्या पर्यटन काउंटरवरच्या बाईंना विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले की कारखाने सोमवार ते शुक्रवारच दाखवतात, शनिवार-रविवार बंद असतात. तिकीट कारखान्याच्या दारात मिळत नाही, आधी अशाच काउंटरवरून काढावे लागते, आणि आमच्या गटासाठी कोणी तिकिटे मागितलेलीच नव्हती. मग 'स्थानिक परिस्थिती' कुठली? शनिवार काय अचानक आला?

आपल्या कार्यालयातल्या मुलीने फोनवर विजेचे कारण दिले, म्हणून तेही लिहिते. ऑक्टोबर 2024 मध्ये क्युबाची वीजव्यवस्था देशभर कोलमडली आणि त्यानंतरही पुन्हा कोलमडली, हे मला ठाऊक आहे. आमच्या हॉटेलात जनरेटर होता, पण समोरची गल्ली अंधारात होती आणि बायका दारात खुर्च्या टाकून बसल्या होत्या. त्यांचे हाल आम्ही डोळ्यांनी पाहिले आणि त्याबद्दल माझी तसूभरही तक्रार नाही. आपली चूक त्या बिचाऱ्यांच्या अंधारावर ढकलू नका, एवढीच विनंती आहे. वीज असती तरी शनिवारी कारखाना बंदच होता.

हा एवढा एक कार्यक्रम मला इतका का लागला, हे आपल्याला कळावे असे वाटते. मी सिन्नरची. माझ्या आईने तीस वर्षे विड्या वळल्या. रात्री पाने ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्र्याच्या मापावर कात्रीने कापायची, मग सूप मांडीवर घेऊन ओट्यावर बसायची. पानात चिमूट तंबाखू, एक वळसा, नखाने तोंड मुडपायचे, दोरा. हजार विड्यांमागे मजुरी. कारखान्यात विड्या द्यायला गेले की मुकादम त्यातून छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, काढायचा आणि तेवढे पैसे कमी मिळायचे. आमच्या ओट्यावर गल्लीतल्या पाच-सहा जणी बसायच्या. त्यांच्यात वाचता कोणालाच येत नव्हते. मी चौथीत गेल्यापासून दुपारी शाळेतून आले की त्यांना पेपर वाचून दाखवायची. बातम्या संपल्या की शाळेच्या वाचनालयातून आणलेली गोष्ट. गोष्ट रंगात आली की आई म्हणायची, 'थांबू नको गं, हात चालतात मग.' पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले आणि 34 वर्षे नोकरी केली. आई खोकल्याने गेली. आमच्या घरात तंबाखूला कोणी हात लावत नाही, त्यामुळे सिगार ओढण्याची हौस म्हणून आम्ही गेलो असे कृपा करून समजू नये.

नोकरीत असताना कधीतरी वाचनात आले की क्युबातल्या सिगार कारखान्यांत हेच चालते, आणि तेही 1865 पासून. हवानाच्या 'एल फिगारो' कारखान्यात त्या वर्षी पहिल्यांदा वाचक बसवला. त्याला तिकडे लेक्तोर म्हणतात. त्याचा पगार मालक देत नव्हता, कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी, आणि कादंबरी कोणती हे कामगारांनी ठरवायचे. वाचन आवडले की सगळे आपापली चावेता, म्हणजे पान कापायची अर्धगोल पाती, लाकडी पाटावर ठोकतात. ती त्यांची टाळी. पुढच्याच वर्षी, तेव्हा क्युबावर राज्य करणाऱ्या स्पॅनिश सरकारने या वाचनावर बंदी घातली, इतकी त्याची भीती वाटली. तरी प्रथा मेली नाही. मॉन्टेक्रिस्टो हे सिगारचे नाव 1935 साली पडले तेही कामगारांनी ऐकलेल्या आवडत्या कादंबरीवरून. आपल्याकडे केरळातल्या कन्नूरच्या विडी कामगारांतही एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी वळत ऐकायचे अशी रीत होती. मला वाटायचे आमचा ओटा एकटाच. तो एकटा नव्हता हे कळल्यापासून तो आवाज एकदा तिथे बसून ऐकायचा, हे मी मनाशी धरले होते. निवृत्तीच्या पैशातून ही सहल घेतली ती त्या एका ओळीसाठी. आपल्या विक्री प्रतिनिधीला मी बुकिंगच्या वेळी हे सगळे सांगितले होते. 'काकू, नक्की ऐकायला मिळेल,' असे तो म्हणाला होता.

शनिवारी आम्हाला कुठे नेले? जुन्या हवानातल्या एका सिगारच्या दुकानात. कोपऱ्यात एक टेबल, त्यावर एक वयस्क कारागीर. बस. शेकडो कारागीर नाहीत, वाचक नाही, कारखान्याची ती लांबलचक दालने नाहीत. गटातले बाकीचे खरेदीला लागले. मी त्या गृहस्थांसमोर पाऊण तास उभी होते, आणि त्यांच्याबद्दल वावगा शब्द लिहिणार नाही. मधली पाने ते मुठीत एकेक दुमडून घेत होते, वारा खेळायला जागा राहील अशी. त्यावर कापोते, म्हणजे बांधणीचे पान. वरचे पान, कापा, त्यांनी पाटावर पसरले आणि तळहाताच्या कडेने असे ताणले की एकही सुरकुती राहिली नाही. त्याची शीर आधीच काढलेली होती. चावेता एकदा फिरवून त्याची कड कापली आणि तिरके गुंडाळत नेले. शेवटी पानाच्याच तुकड्यातून नाण्याएवढी चकती कापली, बोटाच्या टोकावर डिंकाचा थेंब घेतला आणि ती टोकावर बसवली. माझ्या आईचे नख आठवले. मी त्यांना खुणेने विचारले, दिवसाला किती? त्यांनी दोन्ही हातांची बोटे दहा वेळा उघडली-मिटली. मग टूर मॅनेजरनी बस लागल्याची हाक दिली.

एक कारागीर म्हणजे कारखाना नव्हे. ते दुकान बघायला तिकीट नव्हते, रस्त्यावरून कोणीही आत येत होते. मग आमच्या 19,000 रुपयांतला एक रुपया तरी आपण तिथे कोणाला दिला का, याचे उत्तर मला लेखी हवे आहे.

आता बनावट सिगारविषयी. दुकानातून निघाल्यावर आपल्या स्थानिक गाइडने सांगितले की आज कामगारांच्या सहकारी संस्थेचा दिवस आहे. कामगारांना वाट्याला आलेले सिगार त्यांना आजच्या दिवशी स्वस्तात विकता येतात आणि पैसे थेट त्यांच्या घरी जातात. त्याने आम्हाला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात नेले. आम्ही कचरत होतो. तेवढ्यात आपल्या टूर मॅनेजरचा गटावर मेसेज आला : 'सहकारी संस्थेचा दिवस आहे, खात्रीचे आहेत, घेऊन टाका.' तो मेसेज माझ्या फोनमध्ये जसाच्या तसा आहे. मी पैसे काढले ते पैसे वळणाऱ्या बाईच्या हातात जातील म्हणून. कोहिबा या नावाजलेल्या क्युबन छापाची पंचवीस सिगारची पेटी, 150 युरो, त्या दिवशीच्या दराने सुमारे 13,300 रुपये. पावती मिळाली नाही.

सोमवारी पहाटे विमानतळावर निघण्यापूर्वी ती पेटी मी हॉटेलातल्या सरकारमान्य सिगार दुकानाच्या मुलीला दाखवली. तिने पेटी उलटी केली. तळाशी 'एचो एन कुबा, तोताल्मेन्ते आ मानो', म्हणजे क्युबात बनवलेले, पूर्णपणे हातांनी, ही अक्षरे लाकडात दाबून उमटवलेली असायला हवीत. आमच्या पेटीवर ती शाईने छापलेली होती आणि बोट ओले करून घासल्यावर पुसली गेली. सरकारी हमीची हिरवी पट्टी होती, पण तिची साध्या प्रिंटरवर काढलेली नक्कल. मग तिने माझ्या परवानगीने एक सिगार उभा चिरला. आत लांब अखंड पाने असायला हवीत. आत चुरा होता, देठांचे तुकडे होते आणि मधोमध दोऱ्याचा गुंता होता. ती म्हणाली की असा सहकारी संस्थेचा दिवस वगैरे काही नसतो. ही थाप हवानात रोज मारली जाते, आणि अस्सल सिगार मान्यताप्राप्त दुकानात बिलासकटच घ्यायचे असतात. जी गोष्ट दुकानातली मुलगी पहिल्या मिनिटाला सांगते, ती वर्षानुवर्षे क्युबाच्या सहली नेणाऱ्या आपल्या टूर मॅनेजरना माहीत नव्हती, यावर माझा विश्वास बसत नाही. कामगारांचे नाव घेऊन हे झाले, याचा मला सर्वांत जास्त त्रास होतो. माझी आई कामगार होती.

रविवारची विन्यालेसची सहल मात्र उत्तम होती, हे लिहिणे माझे कर्तव्य आहे. तिथल्या शेतकरी कुटुंबाने तंबाखूची वाडी दाखवली. जानेवारीत तोडणी चालू असते. एका झाडाची सगळी पाने एकदम तोडत नाहीत, खालून वर दोन-तीन करत तोडतात. खालची सौम्य, शेंड्याची सर्वांत कडक. गवताने शाकारलेल्या उंच खोपटात पाने जोडीजोडीने काठ्यांवर सुई-दोऱ्याने ओवून टांगलेली होती. खालची हिरवी, मधली पिवळी पडलेली, वरची तपकिरी, आणि आत शिरताच घशाला झोंबणारा तो वास. आमच्या ओट्यावरही तोच वास असायचा. त्या कुटुंबाने दोन तास दिले, कॉफी दिली, आणि विकत घ्या म्हणून एकदाही मागे लागले नाहीत. त्या दिवसाबद्दल मी एक रुपयाही मागत नाही. नीट नियोजन आपल्याला जमते हे यावरून दिसते. मग शनिवारचे का जमले नाही?

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. कारखान्यासाठी घेतलेले 19,000 रुपये पूर्ण परत करावेत. पेटीचे 13,300 रुपये द्यावेत, कारण ती आपल्या माणसाच्या लेखी सांगण्यावरून घेतली. आपल्या पुढच्या सहलीच्या छापील कार्यक्रमात हवानाचा मुक्काम 15 ते 17 मार्च आहे आणि कारखाना पुन्हा 15 मार्चला, शनिवारीच टाकलेला आहे. तो सोमवारी, 17 तारखेला न्यावा आणि तिकिटे आधी काढावीत, नाहीतर ती ओळ माहितीपत्रकातून काढून टाकावी. कारखान्यात फोटो काढू देत नाहीत आणि पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात, हेही प्रवाशांना आधी कळवावे. आणि तो स्थानिक गाइड पुन्हा कोणत्याही गटाबरोबर देऊ नये. कार्यक्रमाविषयीच्या आणि गाइडविषयीच्या या मागण्या माझ्यासाठी पैशांइतक्याच महत्त्वाच्या आहेत. त्या मार्चच्या गटात माझ्या ओळखीच्या दोन निवृत्त शिक्षिका आहेत आणि त्यांनी माझ्या सांगण्यावरून पैसे भरले आहेत.

हे पत्र मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी उत्तर यावे. न आल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही कारणांसाठी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. आपले कार्यालय पुण्यात असले तरी ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि सेवेसाठी दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही, याची मी माहिती घेतली आहे. ती वेळ येऊ नये अशी माझी इच्छा आहे. मार्चचा गट मात्र 21 दिवसांच्या आत निघतो आहे, म्हणून निदान त्यांच्या कार्यक्रमातला बदल मला या आठवड्यात फोनवर कळवावा.

सोबत माहितीपत्रकाच्या पानाचा फोटो, जादा रकमेची पावती, टूर मॅनेजरच्या मेसेजची छापील प्रत आणि पेटीचे व चिरलेल्या सिगारचे फोटो जोडले आहेत. पेटी मी जपून ठेवली आहे. आपला माणूस पाठवल्यास ती समक्ष दाखवीन, पण ताब्यात देणार नाही.

आपली,
(सही)
प्रवासी क्र. 7, स्वतःकरिता व प्रवासी क्र. 8 करिता