छपरावर चढलेली माणसं

पुणे
रविवार, २२ जून २०२५

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "मम्मी, त्या दिवसांत तू काय प्रार्थना करायचीस?" मी "करत होते आपली" म्हटलं आणि विषय पप्पांच्या जेवणावर नेला. पप्पा समोरच बसले होते, त्यांच्यादेखत खरं सांगायला जीभ उचलली नाही. आत्ता ते झोपलेत, म्हणून लिहायला बसले.

मी प्रार्थना करत नव्हते, बाळा. पप्पांना व्हेंटिलेटर लावला त्या २३ जानेवारीपासून जवळजवळ महिनाभर माझ्या तोंडून प्रार्थनेचं एक वाक्य निघालं नाही. ज्या बाईने तुला झोपताना "हे आमच्या स्वर्गातील बापा" शिकवलं, तिला त्या पहिल्या शब्दापुढे जाता येईना. हे मी आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांशिवाय कोणालाच सांगितलेलं नाही.

सुरुवातीचं तुला अर्धंच माहीत आहे. तू नव्या नोकरीत, तिकडे एकटा, म्हणून आम्ही मुद्दामच कमी सांगितलं. ख्रिसमसचे पाहुणे गेल्यावर पप्पांचं पोट बिघडलं होतं, ते तीन-चार दिवसांत बरंही झालं. मग १९ जानेवारीला, रविवारी, उपासनेहून आल्यावर म्हणाले, "पायाला मुंग्या आल्यात, जातच नाहीत." सोमवारी एका दवाखान्यात अशक्तपणा म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. मंगळवारी त्यांना जिना चढता येईना. बुधवारी हातातून चहाचा कप सुटला. आणि त्याच आठवड्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण सापडल्याच्या बातम्या सुरू झाल्या. गियाँ बारे सिंड्रोम हे नाव मी टीव्हीवर ऐकलं, आणि तासाभरात तेच डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं.

अंगातली रोगाशी लढणारी यंत्रणा आपल्याच नसांच्या आवरणावर उलटते, पायापासून वर चढत जाते. छातीच्या स्नायूंपर्यंत पोचली की श्वास. साधारण चारांतल्या एकाला व्हेंटिलेटर लागतो, आपल्या पप्पांना लागला. मेंदू शाबूत, कान शाबूत. हलवता येत होत्या त्या फक्त पापण्या. सगळं कळत असलेला माणूस दगडासारखा पडून आहे, हे मी कसं बघितलं ते मलाच ठाऊक. तू आलास तेव्हा बाराव्या दिवसाचे पप्पा पाहिलेस. पहिल्या चार दिवसांचे पाहिले नाहीस, त्याचं मला आजही बरं वाटतं.

औषध होतं इम्युनोग्लोब्युलिन. वजन पंचाहत्तर किलो, म्हणून रोज तीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या सहा बाटल्या, असे पाच दिवस. तीस बाटल्यांचा हिशेब ऐकल्यावर मी बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या. त्या मोडाव्या लागल्या नाहीत. पाळकसाहेबांनी बुधवारीच रात्री फोन फिरवले होते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पहिल्या दोन दिवसांच्या बाटल्यांचे पैसे भरले गेले, आणि कोणी किती दिले ते मला कळू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. अजूनही कळलेलं नाही. महिला मंडळातल्या बायकांच्या चेहऱ्यांकडे बघते, पण काही पत्ता लागत नाही.

त्या औषधाबद्दल तिथल्या सिस्टरने मला एक सांगितलं. ते रक्तातल्या प्लाझ्मापासून बनतं, आणि एका खेपेसाठी हजारो माणसांचा प्लाझ्मा एकत्र करावा लागतो. म्हणजे पप्पांच्या दंडातून थेंब थेंब जात होतं ते किती अनोळखी माणसांचं होतं! कोण कुठले, कोणत्या धर्माचे, कोणाला ठाऊक. मी त्या बाटलीकडे बघत बसायचे. प्रार्थना नाही, नुसतं बघणं.

आता मंडळीतलं, म्हणजे आपल्या चर्चच्या लोकांतलं, कडूही सांगते, कारण तू मंडळीवर रागावून दूर झालास हे मला माहीत आहे, आणि तुझ्यापुढे सगळं गोड करून मांडायचं नाही. प्रार्थना करायला आलेल्या एका बाईने मला बाजूला घेऊन विचारलं, "कुटुंबात काही पाप कबूल करायचं राहिलंय का?" मी काही बोलले नाही. रात्रभर मात्र तेच खात होतं. तू बोलला नव्हतास त्या दोन वर्षांचं, मी सासूबाईंशी भांडले त्याचं, सगळ्याचं गाठोडं घेऊन बाकड्यावर बसले होते. सकाळी पाळकसाहेबांना सांगितलं. ते रागावले, पण त्या बाईचं नाव विचारलं नाही. बायबलमधला योहानाचा नववा अध्याय काढून वाचला, जन्मांधाचा: यानेही पाप केलं नाही, याच्या आईबापांनीही नाही. मग म्हणाले, "वहिनी, तुमच्याने प्रार्थना होत नसेल तर करू नका. आम्ही करतोय. तुम्ही नुसत्या बसा."

आणि मार्काच्या शुभवर्तमानातली गोष्ट त्यांनी आठवून दिली. तू संडे स्कूलमध्ये त्या नाटकात खाटेवर झोपला होतास, आठवतं? चौघे जण पक्षघाती माणसाला उचलून आणतात, गर्दीमुळे दारातून शिरता येत नाही, म्हणून छप्पर उघडून बाज खाली सोडतात. मी ही गोष्ट शंभर वेळा ऐकली असेन. पण "त्यांचा विश्वास पाहून" या तीन शब्दांवर कधी थांबले नव्हते. त्यांचा. त्या चौघांचा. बाजेवरच्या माणसाने काही मागितल्याचं तिथे लिहिलेलंच नाही. पाळकसाहेब गेल्यावर मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं, आणि २१ जानेवारीनंतर पहिल्यांदाच मला चार तास झोप लागली.

रात्री आयसीयूबाहेर थांबायला पाळ्या लागल्या होत्या. तू गेल्यावर माझ्यासोबत सगळ्यात जास्त रात्री कोणी काढल्या, सांगू? ज्यांच्याशी पप्पा चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीत पार्सनेजच्या, म्हणजे पाळकांच्या घराच्या, दुरुस्तीवरून भांडले होते ते काका. सहा वर्षं एकमेकांकडे पाहत नव्हते, प्रभुभोजनाला दोन वेगळ्या रांगांत उभे राहायचे. एकोणीस रात्री आले. पहिल्या रात्री रजिस्टरमध्ये रुग्णाशी नातं लिहायचं होतं. त्यांनी "भाऊ" लिहिलं. मी बघितलं, त्यांनीही मी बघितलेलं बघितलं. कोणी काही बोललं नाही.

माझ्या पणजीची गोष्ट तुला आजीने सांगितली होती. १८९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या, त्यांतली ती एक. केडगावला वाढली. आईबाप, कूळ, गाव, काही उरलं नव्हतं. लग्नात तिच्या बाजूने उभं राहायला होत्या त्या रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधल्या बाया. आपल्या घराण्याची सुरुवातच तिथून आहे. इतरांकडे भाऊबंद असतात तसे आपल्याकडे मंडळीतले लोक. भांडतातही तसेच.

एक प्रसंग तुला कोणी सांगितला नसेल. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या मुलीने पुठ्ठ्यावर वर्णमाला लिहून आणली. क-ची ओळ, च-ची ओळ असं बोट फिरवायचं, हवी ती ओळ आली की पप्पा पापणी मिटणार, मग त्या ओळीतलं अक्षर. पप्पांनी प-च्या ओळीवर डोळे मिटले. मग "प". मग काना. काका म्हणाले, "पाळकसाहेबांना बोलवायचंय." मला वाटलं पाणी. बोट पुढे नेलं तर "य". पाय. चादर वर केली तर डावी टाच नळीच्या क्लिपवर दाबून लाल झाली होती. हलवता येत नसलं तरी या आजारात दुखतं मात्र फार. काकांनी ती टाच दोन्ही हातांत धरली आणि तसेच बसून राहिले. मोठ्याने नाही, ओठांतल्या ओठांत ते प्रार्थना करत होते. मी "आमेन" म्हटलं. महिनाभरातला माझा तो एकच शब्द असेल.

घरचं दार बंद असायचं, तरी वरच्या मजल्यावरच्या काकू रोज संध्याकाळी आपल्या पायरीवर दिवा लावून जायच्या. त्यांनी अथर्वशीर्षाची आवर्तनं केली पप्पांसाठी. मला भीतभीत विचारलं, "चालेल ना?" मी त्यांच्या गळ्यात पडले. डब्यांबद्दल लिहीत बसले तर पानं संपतील. एवढंच सांगते की आमच्याकडचे अकरा डबे अजून कोणाचे ते कळत नाही, आणि न्यायलाही कोणी येत नाही.

१८ फेब्रुवारीला व्हेंटिलेटर निघाला. त्यासाठी गळ्याला पाडलेलं छिद्र बुजायला वेळ लागला. १२ मार्चला घरी आणलं. ईस्टरला पप्पांनी हट्टच धरला की सूर्योदयाच्या उपासनेला जायचं. चर्चच्या पायऱ्या तुला माहीत आहेत, पाच आहेत आणि उंच. व्हीलचेअर उचलायला पोरं धावली. चौघं नव्हती, सहा होती, आणि सगळेच एकदम उचलायला गेल्यामुळे खुर्ची थोडी तिरकी झाली. पप्पा घाबरले आणि मग हसले. तो आवाज मी तीन महिन्यांनी ऐकला.

त्या दिवशी मी प्रार्थना केली. काय केली ते तुला सांगत नाही, ते माझं आणि प्रभूचं.

तू नऊ दिवस येऊन गेलास आणि परत गेल्यावर फोनवर रडलास, "मी पळून आलो" म्हणालास. ते मनातून काढून टाक. तुला रजा नव्हती, व्हिसाचा प्रश्न होता, आणि इथे बाज उचलायला माणसं होती. तू उपासनेला जातोस की नाही हे मी विचारणार नाही, वचन देते. पण तिकडे आजारी पडलास तर कोणाला फोन करशील, ते मला लिहून कळव. दोन-तीन तरी नावं हवीत. एका नावावर मी गप्प बसणार नाही.

पप्पा आता वॉकरने गॅलरीपर्यंत जातात. तो वॉकर आपला नाही, मंडळीचा आहे, आपल्याआधी दोघांनी वापरलाय. आता तो एका आजींना लागणार आहे, त्यांचं खुब्याचं हाड मोडलंय. पुढच्या रविवारपर्यंत द्यायचा आहे. पप्पा म्हणतात, "मी स्वतः नेऊन देणार, काठी घेऊन." म्हणून हल्ली सकाळ-संध्याकाळ काठीने चालायचा सराव चाललाय, आणि मी मागे उशी घेऊन फिरते. उठले वाटतं, काठीचा आवाज येतोय.

तुझी,
मम्मी