दोन भोवरे

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, ऑस्प्रेचा, म्हणजे पंखाच्या टोकांना वळते रोटर (मोठे फिरते पंखे) असलेल्या अमेरिकी लष्करी विमानाचा व्हिडिओ बघून तुम्ही विचारलंत, "रोटर वर केले की हेलिकॉप्टर, पुढे पाडले की विमान, मग घोडं अडतंय कुठं?" फोनवर उरकण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते. रोटर वळवणं त्यातल्या त्यात सोपं, ते काम दणकट स्क्रू-जॅक करतो. अडतं ते एकाच पात्याकडून दोन कामं घ्यायची असतात म्हणून.

उभं उचलायला लांब, कमी पिळाचं पातं लागतं. हेलिकॉप्टरच्या पात्याला मुळापासून टोकापर्यंत साधारण 10 अंशांचा पीळ असतो. वेगात पुढे ओढायला मात्र आखूड आणि चांगलं पिळलेलं पातं हवं. ऑस्प्रेच्या पात्याला सुमारे 47 अंशांचा पीळ आहे, रोटरचा व्यास 11.6 मीटर. विमानाच्या मानाने हा फार मोठा: रोटर पुढे ठेवून उतरायला गेलं तर पाती जमिनीला लागतात. आणि हेलिकॉप्टरच्या मानाने लहान: पूर्ण भरलेलं 23 टनांहून जास्त वजन दोन रोटर फिरतात त्या दोन चकत्यांवर पेलायचं, म्हणजे चौरस मीटरला 113 किलो. हलक्या हेलिकॉप्टरला हाच आकडा 25च्या आसपास असतो. त्यामुळे खालचा झोत हिशेबाने ताशी 150 किलोमीटरपर्यंत जातो. 2019च्या सांगलीच्या पुरासारखी वेळ आली आणि हे यंत्र गावभागातल्या घरांवर थांबवलं, तर माणसं वर घेण्याआधी छपरांचे पत्रेच उडतील. तिथे साधं हेलिकॉप्टरच बरं.

पण डिझाइन करणाऱ्याची झोप उडवतात ते दोन भोवरे.

पहिला दोरीचा. भोवरा दमला की त्याचं डोकं डोलत गोल फिरायला लागतं, ते आठवा. इथे पंखाच्या टोकाला जड गिअरबॉक्स आणि फिरता रोटर टांगलेला असतो. पंख लवचीक असेल तर एका ठरावीक वेगानंतर रोटरचा आस तसाच डोलतो, आणि समोरून येणारी हवा ते डोलणं थांबवायचं सोडून वाढवत नेते. प्रत्येक फेरा आधीच्यापेक्षा मोठा. 1959 आणि 1960 मध्ये लॉकहीड इलेक्ट्राची दोन प्रवासी विमानं अशाच डोलण्याने पंख तुटून पडली. उपाय एकच, पंख ताठ करायचा. म्हणून ऑस्प्रेच्या पंखाची जाडी रुंदीच्या 23 टक्के आहे, प्रवासी विमानांपेक्षा बरीच जास्त. जाड पंख हवेला अडतो, वेग खातो. शिवाय उभं तरंगताना तोच पंख झोताखाली येतो आणि सुमारे 10 टक्के उचल फुकट जाते. म्हणून त्या वेळी फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, पार खाली पाडून ठेवतात.

दुसरा भोवरा नदीचा. पुरात आयर्विन पुलाच्या खांबामागे पाणी जागच्या जागी गरगरतं, तसं. यंत्र हळू पुढे जात झपाट्याने खाली आलं, तर रोटरने ढकललेली हवा टोकांना वळसा घालून वर येते आणि पुन्हा त्याच रोटरमध्ये शिरते. इंजिनाची ताकद वाढवली तरी उचल मिळत नाही. हेलिकॉप्टर यात सरळ खाली बसतं. इथे दोन रोटर दोन टोकांना, एक आधी सापडतो आणि यंत्र त्या बाजूला उलटतं. पायलटने सरळ करायला दांडा ओढला की बुडणाऱ्या रोटरच्याच पात्यांचा कोन वाढतो, म्हणजे तो आणखी खोल जातो. 8 एप्रिल 2000 रोजी ॲरिझोनातल्या मराना इथे ऑस्प्रेचं असंच होऊन 19 जण गेले. आता 40 नॉटच्या (ताशी सुमारे 74 किलोमीटर) खाली मिनिटाला 800 फुटांपेक्षा जास्त वेगाने उतरायचं नाही, हा नियम आहे. रोटर थोडे पुढे झुकवले की भोवऱ्यातून बाहेर पडता येतं, पण त्यासाठी खाली उंची शिल्लक असावी लागते. मला हा भाग सगळ्यात काळजीचा वाटतो, कारण आत बसलेल्याला आधी फारसं काही जाणवत नाही.

आई, एक इंजिन बंद पडलं तर काय, असं तू विचारलंस. पंखाच्या आतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शाफ्ट जातो, मग उरलेलं इंजिन दोन्ही रोटर फिरवतं. आपल्या रोटाव्हेटरच्या शाफ्टला क्रॉस असतो ना, तसाच हाही तुकड्यातुकड्यांचा आणि लवचीक जोडांचा, कारण उडताना पंख वाकतो. खरी भीती गिअरची. दात झिजून लोखंडाचा कण तेलात आला तर तो पकडायला गिअरबॉक्समध्ये चुंबकाचं बूच बसवतात, त्यावर कण चिकटला की पायलटसमोर दिवा लागतो. नोव्हेंबर 2023 मध्ये जपानजवळ याकुशिमा बेटापाशी ऑस्प्रेचा गिअर फुटून आठ जण गेले, तेव्हा असे इशारे आधी पुन्हा पुन्हा आले होते.

यातलं काहीच घाईने होत नाही, बाबा. रोटर किती अंशांवर असताना किती वेग चालेल, हे थोडंथोडं पुढे सरकत उडूनच ठरवावं लागतं: वेग कमी पडला तर पंख उचलत नाही, जास्त झाला तर पात्यांवर ताण येतो. ऑस्प्रेच्या आधीचं याच धाटणीचं प्रायोगिक यंत्र, एक्सव्ही-3, पहिल्यांदा उडालं 1955च्या ऑगस्टमध्ये, आणि रोटर पूर्ण पुढे पडले ते 18 डिसेंबर 1958 ला.

तुमची,
लेक