सरकतं गेट ट्रॅकवरून उतरलं तर नुसतं परत चढवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात सकाळी साडेसहाला, ऐन स्कूल व्हॅन यायच्या टायमाला, आमच्या सोसायटीचं पार्किंगचं मोठं सरकतं गेट ट्रॅकवरून उतरलं. ते दुरुस्त करून घेताना जे कळलं ते लिहायलाच पाहिजे असं वाटलं म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय पण कृपया छापा. आम्ही मोशीला राहतो, बिल्डिंग ९ वर्षांची आहे, मी कमिटीत खजिनदार आहे.

वॉचमन काकांनी रोजच्यासारखं गेट उघडायला ओढलं. ते जड जातंय हे ते कधीपासून सांगत होते, आम्ही ग्रीस मारून घेतलं होतं आणि झालं काम असं समजून बसलो. त्या दिवशी मागचं चाक अडकलं, काकांनी खांदा लावून जोर दिला तसं गेट धाडकन सुटलं आणि उघडतं तिकडच्या टोकाला जाऊन थांबायच्या ऐवजी पुढेच गेलं, पिलरवरच्या रोलरमधून त्याचं टोक बाहेर निघालं आणि अख्खं गेट आतल्या बाजूला कललं. तिथंच पोरं दप्तरं घेऊन उभी असतात हो रोज! भिंतीच्या कडेला एक कार लावलेली होती तिच्या टपावर ते टेकलं म्हणून खाली आलं नाही. तिथं गाडी लावू नका अशी नोटीस आम्हीच दोनदा काढली होती आणि त्या दिवशी ती गाडी तिथं नसती तर काय झालं असतं ते मला अजून रात्री डोळ्यासमोर येतं.

आवाज ऐकून चार-पाच जण धावले आणि सगळ्यांनी गेटला हात लावून ते धरून ठेवलं. मीसुद्धा त्यात होते. नंतर कळलं की हे सगळ्यात चुकीचं. आमचं गेट १४ फूट बाय ६ फूट, पाईपची चौकट आणि वर पत्रा, वजन दोनशे किलोच्या पुढे, ते निसटलं असतं तर पाच माणसांना आवरलं नसतं. कलणाऱ्या गेटला हात लावायचाच नाही, आधी पोरं-माणसं लांब करायची आणि मग दोर नाहीतर साखळी लावून ते पिलरला बांधायचं.

दहा वाजता फॅब्रिकेशनवाला आला, बरोबर दोन पोरं, पहार आणि जॅक. गेट उचललं, चाकं ट्रॅकवर बसवली, इकडून तिकडे सरकवून दाखवलं, वीस मिनिटांत काम झालं आणि ८०० रुपये मागितले. मी पैसे काढतच होते तेवढ्यात बी विंगचे एक काका खाली आले, भोसरीच्या कंपनीत फिटर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी एवढंच विचारलं, "बसवलं ठीक आहे, पण उतरलं कशामुळं ते बघितलं का?" कुणीच बघितलं नव्हतं.

मग त्यांनी गेट परत जॅकवर घ्यायला लावलं आणि मागचं चाक हातानं फिरवून बघितलं, ते फिरेचना. बेअरिंग गंजून जाम झालेलं, म्हणजे कितीतरी दिवस ते चाक फिरत नव्हतंच, ट्रॅकवरून नुसतं घासत चाललं होतं. चाकाच्या खाचेची एक कड झिजून पत्र्यासारखी पातळ झालेली आणि आरशासारखी चकाकत होती, दुसरी कड मात्र जाड आणि काळी. बाहेरून ग्रीस मारून असल्या बेअरिंगला काय होणार! वर बघितलं तर पिलरवरच्या दोन रोलरपैकी एकाचा बोल्टच नाही, गेट आणि रोलरमध्ये माझं बोट जाईल एवढी फट.

आणि मग स्टॉपर. उघडताना गेट जिथं थांबायला पाहिजे तिथं ट्रॅकवर वेल्डिंगचे दोन काळे डाग होते, बाकी काही नाही. तेव्हा आठवलं, दोन उन्हाळ्यांपूर्वी पाण्याचे टँकर रोज येत होते आणि मोठा टँकर आत वळायला अर्धा फूट कमी पडत होता म्हणून तो स्टॉपर ग्राइंडरनं कापून टाकला होता. त्याचं ३०० रुपयांचं व्हाउचर फाईलमध्ये आहे, खाली सही माझी आहे. गेट वरून फक्त त्या रोलरनी उभं धरलेलं असतं आणि स्टॉपर नसला की ते रोलरमधून बाहेर निघून पडू शकतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, कापणाऱ्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

शेवटी दोन्ही चाकं नवीन (एकच बदलून चालत नाही, गेट एका बाजूला बसतं), चार रोलर, ट्रॅकचा वाकलेला तुकडा कापून नवा, दोन्ही टोकांना जाड पट्टीचे स्टॉपर, आणि भिंतीला वरून दोन यू आकाराचे ब्रॅकेट, म्हणजे उद्या चाक उतरलं तरी गेट तिथल्या तिथं उभं राहील, पडणार नाही. सगळे मिळून ९,४०० रुपये झाले. १०८ फ्लॅट आहेत आमचे, घरटी शंभर रुपयेसुद्धा येत नाहीत.

जुलै २०२४ च्या शेवटी आपल्याच पिंपरी-चिंचवडमध्ये बोपखेलला लोखंडी गेट अंगावर पडून एक लहान मुलगी गेली. तो सीसीटीव्हीचा व्हिडिओ आमच्या ग्रुपवरही आला होता, सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि एकानंही खाली जाऊन आपलं गेट बघितलं नाही. मीही नाही बघितलं.

लिफ्टची तपासणी कायद्यानं होते, फायरची सिस्टीम चालू आहे याचा फॉर्म बी दर जानेवारी आणि जुलैला द्यावा लागतो, मग त्याच वेळेला गेटची चाकं, रोलर आणि स्टॉपर बघून घ्यायला काय हरकत आहे? महापालिकेनं सोसायट्यांना एक साधं परिपत्रक काढलं तरी फरक पडेल अशी माझी कळकळीची विनंती आहे. नवीन सोसायट्यांनी तर अजून एक लक्षात ठेवा, रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे पझेशनपासून ५ वर्षांच्या आत कामात दोष निघाला आणि तो कळवला तर बिल्डरनं ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, तेव्हा गेट खराब असेल तर आधी बिल्डरला लेखी पत्र द्या. आमची मुदत उलटून गेली होती. आणि ज्यांच्या बंगल्याला गॅरेजचं रोलिंग शटर आहे त्यांनी शटर ट्रॅकमधून निघालं तर कृपा करून स्वतः खोलायला जाऊ नका, वरच्या शाफ्टमधली स्प्रिंग ताणलेली असते, ती सुटली तर हात जातो, शटरवाल्यालाच बोलवा.

आमच्या वॉचमन काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या दिवशी ठेचली, बारा दिवस ते घरी होते. एजन्सी म्हणत होती हजेरी नाही तर पगार नाही, म्हणून त्या दिवसांचा पगार आणि दवाखान्याचं बिल सोसायटीनं दिलं, द्यायलाच पाहिजे होतं. नंतर मी गेटवरचं रजिस्टर चाळलं, ज्यात टँकर आणि पाहुण्यांच्या नोंदी असतात. त्यात शेरा म्हणून रकाना आहे, तिथं काकांच्या अक्षरात दोन महिन्यांत ११ वेळा "गेट जड जाते" असं लिहिलेलं आहे, तारीख आणि वेळ टाकून. ते रजिस्टर आता दर सोमवारी सेक्रेटरी आणि मी दोघं वाचून खाली सही करतो.

– एक सोसायटी सभासद, मोशी