घोडा पास, स्वाराचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या क्रीडा पानावर लांब पल्ल्याच्या घोडदौडीचं चार रकानी छायाचित्र छापलंत. स्वारांच्या डोक्यावर फेटे आणि डावीकडच्या घोड्याच्या खोगिराला लटकवलेलं हेल्मेट. वर मथळा 'मराठमोळा रुबाब'! पुण्यात दुचाकीवाले हेल्मेट कोपरात अडकवतात, त्यातलाच हा प्रकार. फेटा बक्षीस समारंभाला बांधा की, कोण नको म्हणतंय?

मी अशा दौडींच्या व्हेट गेटवर, म्हणजे दोन टप्प्यांच्या मधे घोडा तपासतात त्या ठिकाणी, पशुवैद्यक म्हणून उभा राहिलो आहे. घोड्याची काय बडदास्त असते! नाडी मिनिटाला ६४ किंवा त्याहून कमी झाल्याशिवाय पुढं सोडत नाहीत. हिरड्यांचा रंग बघायचा, मानेची कातडी चिमटीत धरून अंगात पाणी कमी पडलंय का ते बघायचं, आतड्यांचा आवाज ऐकायचा, मग दुडकीवर पळवून लंगडतोय का ते तपासायचं. हे सगळं हवंच. पण वर बसलेल्याची विचारपूस कोण करतो?

काही वर्षांपूर्वी दुसऱ्या लूपमध्ये, म्हणजे दौडीच्या दुसऱ्या टप्प्यात, एक पोरगा पडला आणि पुन्हा खोगिरात बसून गेटवर आला. कानामागे माती, हेल्मेटला मागून तडा. घोडा ठणठणीत, नाडी ५६. मी कातडीची चिमटी घेत होतो, तेव्हा त्यानं विचारलं, "डॉक्टर, हा कितवा लूप?" सांगितलं. दुडकी झाल्यावर पुन्हा तेच. कार्डावर सही करताना तिसऱ्यांदा तेच! आयोजकांना म्हटलं, याला थांबवा, डोक्याला लागलंय. उत्तर आलं, "डॉक्टर, तुम्ही घोड्याचं बघा. त्यानं जबाबदारीचा फॉर्म भरून दिलाय." खोटं कशाला सांगू, घोडाच लंगडा लिहावा असं मनात आलं. शेवटी पोराच्या मामानं लगाम काढून घेतला आणि त्याला जीपमध्ये घातलं. सीटी स्कॅनमध्ये डोक्यात रक्तस्राव निघाला. ते तडकलेलं हेल्मेट मात्र पुढच्या दौडीत दुसऱ्याच कुणाच्या तरी डोक्यावर दिसलं. आतला फोम एकदा दबला की हेल्मेट फक्त टोपी उरतं, हे आयोजकांना कोण सांगणार?

शो जंपिंगमध्ये, म्हणजे घोड्यावरून अडथळे ओलांडायच्या स्पर्धेत, स्वार पडला की त्याची फेरी तिथंच संपते. इथं आडरानात, तासन्‌तास उन्हात तापलेला माणूस पडतो आणि आपण त्याला टाळ्या वाजवून पुन्हा वर बसवतो. 'मुरलेल्या स्वाराला हेल्मेट कशाला' म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, अमेरिकेकडून ऑलिंपिक खेळलेली कोर्टनी किंग-डाय २०१० मध्ये साध्या सरावात पडली. घोडा अडखळला, एवढंच. डोक्यावर हेल्मेट नव्हतं, महिनाभर कोमात होती. २०२१ पासून घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघानं ड्रेसाजमधली, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेतली, ती ऐटबाज उंच टोपीसुद्धा बंद केली. आपण मात्र रुबाबाचे मथळे देतो!

जाता जाता, लाळ्या-खुरकूत लसीकरणावरचं माझं मागचं पत्र छापलंत, आभारी आहे. पण लस २ ते ८ अंशांतच ठेवा, हे त्यातलं एकच वाक्य शेतकऱ्याच्या कामाचं होतं आणि नेमकं तेवढंच उडवलंत. हे पत्र कापायचंच असेल तर वरचा 'स. न. वि. वि.' कापा.

— एक निवृत्त पशुवैद्यक, अकलूज